बोटं चालतात तोवर डाइव्ह : हिवाळ्यात तलावात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

माझ्या तिसऱ्या की चौथ्या हिवाळी डाइव्हनंतर किनाऱ्यावर बसून फिनचा पट्टा सोडवायला मला चांगली पाच मिनिटं लागली. डोकं ठिकाणावर होतं, अंगात ऊब होती, श्वासही शांत होता. फक्त अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटायला तयार नव्हती. शेवटी बडीने, म्हणजे जोडीदार डाइव्हरने, वैतागून माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टा ओढून काढला. पाण्याबाहेर घडलं म्हणून हसण्यावारी गेलं. हेच बारा मीटरवर, अडकलेला होस, म्हणजे हवेची नळी, सोडवताना झालं असतं तर?

तेव्हापासून हिवाळी डाइव्हचं माझं सगळं गणित बोटांभोवती फिरतं. हायपोथर्मिया म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. अंगावर बरा सूट असेल तर तिथवर पोहोचायला बराच वेळ लागतो. बोटं त्याच्या कितीतरी आधी संप पुकारतात. बटण दाबायचं, क्लिप सोडायची, सिलिंडरचा नॉब फिरवायचा, म्हणजे जीव वाचवणारं जे जे काम आहे ते बोटांनीच करायचं असतं. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी 'बोटं बधिर झाली तरी हे जमेल ना?' या एका प्रश्नावर घासून बघा.

हे कोणासाठी? ज्यांच्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचं प्राथमिक, प्रमाणपत्र आहे, उन्हाळ्यातल्या किंवा समुद्रातल्या वीस-पंचवीस डाइव्ह झाल्या आहेत आणि आता बर्फ न धरलेल्या, थंड, गोड्या पाण्यात उतरायचं आहे, त्यांच्यासाठी. बर्फाखालची डाइव्ह हा वेगळाच प्रकार आहे. त्याबद्दल शेवटाकडे चार शब्द येतील.

आधी पाणी ओळखा

पाणी सर्वांत जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. सगळ्या हिवाळी तलावांचा स्वभाव या एका गोष्टीतून येतो. उन्हाळ्यात ऊन लागलेलं हलकं पाणी वर तरंगतं, खाली गार थर असतो आणि मधे थर्मोक्लाइन. तापमान तिथे मीटर-दोन मीटरमध्ये धाडकन उतरतं. थंडी पडू लागली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं आणि अख्खा तलाव ढवळून निघतो. वरपासून तळापर्यंत सगळं चारच्या आसपास आलं की मग मात्र उलटं होतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं असल्यामुळे वरच थांबतं आणि गोठायचं झालं तर तेच गोठतं. तळाशी ४ अंश, बर्फाला लागून शून्य.

याचा डाइव्हरला थेट फटका बसतो तो सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याला. उन्हाळ्यात पाच मीटरवरची ती तीन मिनिटं म्हणजे उबदार पाण्यात आराम असतो. हिवाळ्यात तिथे तळाइतकंच गार, कधी तळापेक्षाही गार पाणी भेटतं. म्हणजे डाइव्हचा शेवटचा भाग, जेव्हा तुम्ही आधीच गारठलेले असता, तोच सर्वांत थंड. 'वर गेलं की बरं वाटेल' हा उन्हाळी हिशोब इथे धरू नका.

एवढं करून जायचं कशाला? पाण्याचा पारदर्शकपणा बघायला. थंडीत शेवाळाचे सूक्ष्म कण कमी होतात, ढवळणारे पोहणारे नसतात, बोटी नसतात. उन्हाळ्यात ज्या तलावात स्वतःचा हात दिसत नाही, तिथेच जानेवारीत दहा-पंधरा मीटरवरचा बुडालेला ओंडका फांद्यांसकट दिसतो. आइसलँडमधल्या सिल्फ्रा या भेगेत वर्षभर २ ते ४ अंशांचं पाणी असतं आणि नजर शंभर मीटरपर्यंत जाते, कारण ते पाणी लाव्हाच्या खडकांतून गाळून येतं. आपला साधा तलाव सिल्फ्रा नव्हे, पण थंड पाणी आणि स्वच्छ नजर यांची जोडी तिथेही जमते. मासे सुस्त असतात. मोठे कार्प खोल जागी कळपाने जवळजवळ निश्चल उभे राहतात आणि अगदी जवळ जाऊ देतात. उत्तरेकडच्या तलावांतला बर्बट नावाचा कॉड कुळातला मासा तर ऐन थंडीत, बर्फाखालीच अंडी घालतो.

तब्येतीचं आधी बघा

हे थोडक्यात, पण वगळू नका. अंगाला, विशेषतः चेहऱ्याला, एकदम गार पाणी लागलं की श्वास धपापतो, रक्तदाब चढतो. त्याच वेळी चेहऱ्यावरच्या थंडीने हृदयाचे ठोके मंदावायला बघतात. धडधाकट माणसाला हे दोन मिनिटांत सोसतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने मात्र डायव्हिंग कळणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. थंड पाण्यात काहींच्या फुप्फुसात पाणी साचतं. पाण्यात असताना विनाकारण खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेस, कष्ट नसताना दम लागणं यातलं काहीही दिसलं तर डाइव्ह तिथेच संपली. वर या, बाहेर पडा, ऑक्सिजन लावा, दवाखाना गाठा.

पायरी पहिली : अंगावर काय घालायचं

पाणी हवेच्या चोवीस-पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे सूट हा कपडा नव्हे, ते उपकरण आहे.

सात मिलिमीटरचा सेमी-ड्राय सूट (थोडंच पाणी आत येऊ देणारा) घालून दहा अंशांच्या पाण्यात छोटी डाइव्ह होते, मी केल्या आहेत. पण सूटच्या निओप्रीन रबरातले हवेचे बुडबुडे खोलीवर दाबले जातात, सूट पातळ होतो आणि नेमकं जिथे जास्त ऊब हवी तिथे कमी मिळते. शिवाय वर आल्यावर तुम्ही ओले असता आणि वारा असतो. पाणी आठ अंशांच्या खाली असेल तर माझं मत सरळ आहे : ड्रायसूट.

ड्रायसूट अंग कोरडं ठेवतो. ऊब देतात ते आतले कपडे. कापूस नको, तो घाम धरून ठेवतो. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर जाड अंडरसूट, पायात लोकरीचे मोजे. मोज्यांचे दोन थर चढवून बूट घट्ट होत असतील तर एकच घाला, कारण दाबलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि पाय लवकर गार पडतो.

आता महत्त्वाचं. ड्रायसूट उधार मिळाला म्हणून तोच घालून थंड तलावात पहिली डाइव्ह करू नका. सूटमधली हवा हे आणखी एक सांभाळायचं खातं असतं. पाय वर झाले की ती हवा पायांत जमते, बूट फुगतात आणि माणूस उलटा टांगल्यासारखा वर जायला लागतो. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आणायचं, डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडायची. हे प्रशिक्षकाबरोबर, उथळ आणि शक्यतो कोमट पाण्यात, दहा वेळा करून झालेलं असावं.

हातमोज्यांबद्दल लोक दुकानात सर्वांत कमी विचार करतात आणि पाण्यात त्यांच्याबद्दलच सर्वांत जास्त बोलतात. पाच मिलिमीटरचे पाच बोटांचे मोजे सोयीचे, पण चार-पाच अंशांत वीस मिनिटांत बोटं जातात. तीन बोटांचे मोजे जास्त उबदार; पकड थोडी ओबडधोबड होते. ड्रायसूटला जोडायचे कोरडे हातमोजे सर्वांत चांगले, मात्र आत लोकरीचं अस्तर हवं, आणि मनगटाच्या सीलखालून एखादी बारीक नळी किंवा दोरा घालून सूटमधली हवा मोज्यात येऊ द्यावी. नाहीतर खोलीवर मोजा हाताला चिमटे काढतो. असा कोरडा मोजा टाचणीएवढ्या भोकानेही पाण्याने भरतो आणि मग तो हात संपला असं समजा. मोजे कोणतेही असोत, घरी ते घालून प्रत्येक क्लिप, बकल आणि नॉब डोळे मिटून चालवून बघा. जी क्लिप कोरड्यात जमत नाही ती बदला. मोठ्या बोल्ट-स्नॅप याचसाठी असतात.

हूड सात मिलिमीटरचा, मानेपर्यंत नीट बसणारा. मास्कचा कडा आणि हूड यांच्यामध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तिथे सुरीने कापल्यासारखं दुखतं.

पायरी दुसरी : वजन नव्याने मोजा

समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरतं, गोड्या पाण्याचं एक किलो. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो होत असेल तर समुद्राच्या तुलनेत तलावात अडीच किलो शिसं कमी लागेल. पण जाड अंडरसूट आणि ड्रायसूट उलट दिशेने ओढतात, त्यात हवा असते. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं एकक) उरलेले असताना, पाच मीटरवर सूट जवळजवळ रिकामा करून स्थिर राहता आलं पाहिजे. तेवढंच वजन बरोबर. सुरुवातीला चाचणी घेत असाल तर लक्षात ठेवा : बारा लिटरच्या सिलिंडरमधली १५० बार हवा जवळपास सव्वादोन किलो भरते, आणि ती तुम्ही डाइव्हमध्ये वापरून टाकणार आहात.

नवखे भीतीपोटी दोन किलो जास्त घेतात. मग ते भरून काढायला सूटमध्ये जास्त हवा, ती हवा इकडून तिकडे पळते, माणूस हातपाय मारतो आणि तळाचा गाळ उडतो. तलावाचा गाळ समुद्राच्या वाळूसारखा लगेच बसत नाही. एकदा उडाला की त्या डाइव्हपुरतं दिसणं बंद.

पायरी तिसरी : रेग्युलेटर का गोठतो

हा भाग सावकाश वाचा; हिवाळी तलावातली बहुतेक घबराट इथूनच सुरू होते.

सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते. रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, ती भोवतालच्या दाबापेक्षा साधारण दहा बार वर आणून ठेवतो; तिथून होसमधून ती तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते. हवा अशी अचानक पसरली की प्रचंड गार होते. फर्स्ट स्टेजचं धातूचं अंग शून्याखाली जातं. समुद्राचं पाणी गोठायला उणे दोनच्या जवळ जावं लागतं, गोडं पाणी शून्यालाच गोठतं. त्यामुळे ४ अंशांच्या तलावात ते धातू भोवतालच्या पाण्याचा बर्फ करू शकतं. स्प्रिंग किंवा पिस्टनभोवती बर्फ धरला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दोन स्टेजमधला दाब वाढत जातो आणि सेकंड स्टेज आपोआप उघडून हवा धो धो सुटते. यालाच फ्री-फ्लो म्हणतात. हवा जितकी जास्त सुटेल तितकं धातू आणखी गार, म्हणजे बर्फ आणखी पक्का. हे दुष्टचक्र आपोआप थांबत नाही. तोंडातल्या सेकंड स्टेजमध्येही असंच होतं; तिथे गोठणारं पाणी तुमच्याच श्वासातल्या बाष्पाचं असतं.

म्हणून पहिलं काम : रेग्युलेटर थंड पाण्यासाठी बनवलेला आहे का ते बघा. युरोपीय ईएन २५० मानकानुसार जो १० अंशांखालच्या पाण्यासाठी तपासलेला नाही त्याच्यावर तसं, '१० अंशांपेक्षा जास्त' अशा अर्थाचं, चिन्ह असतं. तो रेग्युलेटर कितीही लाडका असो, घरी ठेवा. थंड पाण्याचा रेग्युलेटर बहुधा बाहेरच्या पाण्यापासून बंदिस्त असतो, म्हणजे स्प्रिंगपर्यंत पाणी पोहोचतच नाही.

दुसरं : दोन तोंडांचा व्हॉल्व्ह असलेला सिलिंडर आणि त्यावर दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज. एकावर मुख्य सेकंड स्टेज आणि ड्रायसूटचा होस, दुसऱ्यावर राखीव सेकंड स्टेज आणि बीसीडीचा (हवा भरून तरंगायच्या जाकिटाचा) होस. एक गोठला तर तो नॉब बंद करायचा आणि दुसऱ्यावरून श्वास घ्यायचा. काही जण हे अनुभवी लोकांचं चोचलं समजतात. माझ्या मते नवख्यालाच याची जास्त गरज आहे, कारण त्याच्याकडे दुसरी कुठलीच हुशारी अजून जमलेली नसते.

तिसरं, वागणूक. रेग्युलेटर डाइव्हपर्यंत कोरडा आणि उबेत ठेवा, रात्रभर गाडीच्या डिकीत नको. बोचऱ्या हवेत, पाण्याबाहेर उभं राहून त्यातून श्वास घेत बसू नका. तपासणीसाठी दोन श्वास घ्यायचेच असतील तर आत रेग्युलेटरमधून घ्या आणि बाहेर तोंडातून हवेत सोडा. सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्ज बटण दाबून फुस्स करून दाखवायची हौस इथे नको. पाण्यात बीसीडी किंवा सूट फुगवताना छोटे छोटे ठोके द्या, बटण दाबून धरू नका, आणि श्वास आत घेत असतानाच फुगवू नका. या सगळ्याचं मर्म एकच : एका वेळी फर्स्ट स्टेजमधून कमीत कमी हवा जाऊ द्या. सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा कोरडी असणंही तितकंच गरजेचं. दमट हवा आतूनच बर्फ धरते.

पायरी चौथी : हवेचा हिशोब कागदावर

घरात २० अंशांत २०० बार दाखवणारा सिलिंडर ४ अंशांच्या पाण्यात गेला की साधारण १८९ बार दाखवतो. हवा गळलेली नाही, गार झाली आहे. हिशोब मात्र १८९ पासून सुरू करायचा.

आता परत येण्याचा राखीव साठा. समजा पंधरा मीटरवर बडीची हवा गेली आणि दोघं एका सिलिंडरवर आलात. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू, दोघांचे ६०. पंधरा मीटरवर दाब अडीचपट, म्हणून हवाही अडीचपट लागते; तिथे सावरायला एक मिनिट : १५० लिटर. पाच मीटरपर्यंत वर यायला एक मिनिटाहून थोडं जास्त, सरासरी दुप्पट दाब : अंदाजे १३५. पाच मीटरवर तीन मिनिटं दीडपट दाबाने : २७०. मग पृष्ठभाग : ७०-७५. बेरीज सव्वासहाशे लिटरच्या घरात. सिलिंडरच्या बारा लिटरने भागलं की ५२ बार. थंडीत हात मंद, डोकं मंद, गेज वाचण्यात चूक होणार हे धरून मी ७० लावतो. म्हणजे गेजवर ७० दिसायच्या आत तळ सुटलेला हवा, आणि किनाऱ्याकडे वळायचं ते त्याच्याही बरंच आधी, १३० च्या सुमाराला.

पहिल्या डाइव्हसाठी कमाल खोली दहा-बारा मीटर, वेळ वीस मिनिटं. हे ऐकून तोंड वाकडं होतं, माहीत आहे. पण वीस मिनिटांनी बोटं काय सांगतात ते कळल्याशिवाय तीस मिनिटांचा बेत आखता येत नाही.

तलाव डोंगरात असेल तर उंची विचारा. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर डाइव्हचं गणित बदलतं. खोली आणि वेळेवरून मर्यादा सांगणारा मनगटावरचा डाइव्ह-कॉम्प्युटर उंचीसाठी लावावा लागतो किंवा तो आपोआप घेतो का ते बघावं लागतं. परतीचा रस्ता आणखी उंच घाट ओलांडून जात असेल तर तोही हिशोबात धरा.

पायरी पाचवी : किनाऱ्यावर

डाइव्ह संपल्यावर बोटं नसणार, हे गृहीत धरून सामान आत्ताच मांडा. कोरडे कपडे ज्या क्रमाने घालायचे त्या क्रमाने रचा, सर्वांत वर टोपी. बुटांच्या नाड्या सैल करून ठेवा. गाडीची किल्ली चेनच्या खिशात नको, हाताच्या एका झटक्यात निघेल अशा जागी ठेवा. थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या, पिण्यासाठी वेगळं आणि गोठलेल्या चेनवर किंवा हातांवर ओतायला वेगळं. बाहेर एक माणूस असावा, ज्याला तुम्ही किती वाजता वर येणार हे माहीत आहे आणि मदतीचा क्रमांक पाठ आहे. हिवाळ्यात काठावर दुसरं चिटपाखरू नसतं.

सूट चढवताना घामाघूम होऊ नका. आधी सगळं सामान जोडा, तपासा, मग शेवटी चेन लावा. घामाने भिजलेला अंडरसूट म्हणजे आतून ओला सूट. पाणी मात्र भरपूर प्या. लघवीच्या भीतीने तहानलेलं राहणं डाइव्हरला परवडत नाही. थंड पाण्यात लघवी जास्त होते, तो शरीराचा धर्म आहे. ड्रायसूटवाले त्यासाठी लघवी बाहेर सोडणारा पी-व्हॉल्व्ह लावतात किंवा निमूटपणे डायपर घालतात. यावर विनोद सगळे करतात आणि घालतातही सगळे.

बडीबरोबर खुणा पक्क्या करा. दोन्ही दंड हाताने चोळले की 'मला थंडी वाजते'. या खुणेनंतर चर्चा नाही, परतायचं. अंगठा वर म्हणजे वर जायचं, त्याचं कारण पाण्याबाहेर विचारायचं. दोघांकडेही टॉर्च असावा. हिवाळ्यात दिवस लहान, प्रकाश तिरपा, आणि दहा मीटरवर दुपारीच संध्याकाळ झालेली असते.

पायरी सहावी : पाण्यात

कंबरभर पाण्यात उभे राहा. काठावरचे दगड निसरडे असतात, कधी त्यांवर बर्फाची पातळ पापडी असते. फिन्स पाण्यातच घाला. ओंजळीने चेहऱ्यावर पाणी मारा, मानेवर मारा, मग दोन मिनिटं नुसते थांबा. श्वास आपोआप धपापेल आणि आपोआप बसेल. तो बसण्याआधी खाली जाऊ नका. मग रेग्युलेटर तोंडात, तोंड पाण्यात, शांत लांब श्वास.

तीन मीटरवर थांबून एकमेकांच्या पाठीकडे बघा. फर्स्ट स्टेजमधून बुडबुड्यांची बारीक माळ येते आहे का? येत असेल तर तिथूनच वर. खाली जाऊन ती थांबत नाही.

नंतर उतारावरून सावकाश. पायांनी खाली लाथा मारू नका. बेडकासारखे पाय मागे ढकला, गुडघे वाकलेले, फिन्स तळापासून वर. दर पाच मिनिटांनी गेज बघाल तेव्हा बोटंही तपासा : अंगठा करंगळीला टेकवा, दोन्ही हातांनी. तीन बोटांचे मोजे असतील तर अंगठा शेवटच्या कप्प्याला. टेकताना शोधावं लागलं, चुकलं, किंवा टेकल्याचं कळलंच नाही, तर बडीला अंगठा वर दाखवा. गेजवर १५० बार असले तरी. कुडकुडायला लागण्याची वाट बघू नका. अंग थरथरायला लागतं तोवर बोटं कामातून गेलेली असतात आणि श्वासाला लागणारी हवाही वाढलेली असते.

वर येताना दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावं कोपर थोडं वर ठेवा, वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत. पाच मीटरवर तीन मिनिटं. या तीन मिनिटांत बोटांची मूठ उघडा, मिटा, सतत.

फ्री-फ्लो झालाच तर

माझा झाला होता अकरा मीटरवर. आधी एक बारीक कुरकुर, जशी नळाचा वॉशर गेल्यावर होते. मी दुर्लक्ष केलं. दोन श्वासांनंतर तोंडात हवेचा फवारा, मास्कसमोर नुसता पांढरा गदारोळ, कानात गाडी धडधडत गेल्यासारखा आवाज. घाबरायला होतं ते या आवाजाने आणि न दिसण्याने. श्वासाला हवा तर उलट जास्तच असते, हे त्या क्षणी सुचत नाही, म्हणून आत्ताच डोक्यात ठेवा. क्रम असा :

१. थांबा, श्वास रोखू नका. रेग्युलेटर दातांत सैल धरून कडेने जास्तीची हवा जाऊ द्या आणि लागेल तेवढी घ्या.

२. बडीला खूण करा, टॉर्च जोरात हलवा.

३. दोन फर्स्ट स्टेज असतील तर राखीव सेकंड स्टेज तोंडात घ्या आणि गोठलेल्याचा नॉब बंद करा. हात पोहोचत नसेल तर ते काम बडीचं.

४. एकच फर्स्ट स्टेज असेल तर सुटणाऱ्या हवेवरच श्वास घेत लगेच, पण नेहमीच्या वेगाने, वर निघा. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. उथळ डाइव्हचा आग्रह यासाठीच.

५. बडीची हवा घ्यावी लागली तर दोघांनीही सावकाश श्वास घ्या. एकाच फर्स्ट स्टेजवर दोघं धापा टाकायला लागले की तोही गोठू शकतो.

बंद केलेला रेग्युलेटर काही मिनिटांत वितळून पुन्हा नीट चालल्यासारखा वाटतो. त्याच्यावर भरवसा ठेवून डाइव्ह पुढे चालू ठेवू नका.

वर आल्यावर

अंग गार असताना ऊतींमधला नायट्रोजन हळू बाहेर पडतो. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत तळाशी उबेत आणि वर येताना थंडीत राहिलेल्या डाइव्हर्सना डीकम्प्रेशनचा त्रास (वर येताना शरीरात बुडबुडे होण्याचा) ठळकपणे जास्त झाला होता. तुमच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरला बोटं गारठली आहेत हे कळत नाही. त्याने दिलेली मर्यादा गाठायला जाऊ नका. बॅटरीवर तापणारं जाकीट वापरणाऱ्यांनी ते तळाशी पूर्ण तापवून वर येताना संपवणं हे नेमकं उलटं काम आहे.

बाहेर आलात की आधी वाऱ्यापासून आडोसा, मग कोरडे कपडे, टोपी, कोमट पेय. लगेच कढत पाण्याने अंघोळ नको, त्वचेजवळ बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. सिलिंडर पाठीवर घेऊन चढ चढणंही नको. अर्धा तास थांबा. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान खाली जात राहतं, त्यामुळे 'आता बरं आहे' म्हणून लगेच गाडी चालवायला बसू नका. विमानप्रवासाआधी एका साध्या डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास मोकळे ठेवा.

दुसरी डाइव्ह? पहिल्या हिवाळ्यात एका दिवसाला एकच. ओला रेग्युलेटर तासभर बोचऱ्या वाऱ्यात पडला की त्याच्या आतलं पाणी गोठतं, आणि तुमचीही ऊब भरून आलेली नसते.

आणि बर्फ

तलावावर बर्फ असेल तर परत फिरा. डोक्यावर छत असलेल्या पाण्यात थेट वर येता येत नाही. तिथे वेगळं प्रशिक्षण, प्रत्येक डाइव्हरला बाहेरच्या माणसाच्या हातात दोर, तयार बसलेला राखीव डाइव्हर आणि हवेचा एक तृतीयांशाचा नियम (जायला एक भाग, यायला एक, राखीव एक) लागतो. भोक त्रिकोणी कापतात, कारण कोपऱ्यात दोन्ही बाजूंना हात टेकून बाहेर पडता येतं. वरचं हिम झाडून भोकापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा काढतात. खालून त्या उजळ रेघांसारख्या दिसतात आणि हरवलेल्याला भोकाकडे आणतात. जानेवारी ते मे गोठलेल्या बैकालमध्ये जाऊन हे करणारे लोक आहेत. तेही कधीतरी तुमच्यासारखेच दहा मीटरवर वीस मिनिटं करून सुरू झालेले असतात.

घरी आल्यावर

बीसीडीमधलं पाणी पूर्ण काढा, नाहीतर रात्री थंडीत तेच आत गोठतं. ड्रायसूटची चेन पुसून मेण लावा, सूट उलटा टांगून वाळवा. पुढच्या वेळी दुसऱ्या तलावात जाणार असाल तर सगळं सामान धुऊन पूर्ण कोरडं झाल्याशिवाय नेऊ नका. झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या बुटातूनही प्रवास करतात. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडलेला हा शिंपला तिथल्या महासरोवरांत किती पसरला ते जगजाहीर आहे.

मग लॉगबुक. खोली, वेळ आणि काय दिसलं ते सगळेच लिहितात. तुम्ही त्याखाली आणखी चार ओळी घाला : पाण्याचं तापमान, किती शिसं घेतलं आणि ते जास्त झालं की कमी, कोणते मोजे आणि आतले कपडे होते, आणि कितव्या मिनिटाला अंगठा करंगळीला चुकला.